स्क्रीनवर मराठी पीडीएफ नीट दिसते, पण प्रिंटमध्ये चौकोन येतात आणि खालच्या ओळी कापल्या जातात. प्रिंटर बिघडलाय का?

बहुतेक नाही. तुम्ही लिहिलंय की इंग्रजी बिलं व्यवस्थित निघतात, फक्त मराठी अर्जात जोडाक्षरांच्या जागी चौकोन उमटतात आणि तळाच्या दोन ओळी गायब होतात. नेमक्या याच तक्रारीपायी मी दोन वर्षांपूर्वी प्रिंटर स्कूटरवर पायांत धरून नाशिकच्या इंदिरानगरहून एम. जी. रोडच्या दुकानात नेला होता. दुकानदाराने स्वतःच्या लॅपटॉपवरून एक पान काढलं, ते झकास आलं, आणि चेकिंगचे साडेतीनशे घेतले. नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापतात आणि तुम्हाला सोसायटीची नोटीस छापता येईना, हे बायकोकडून अजून ऐकतोय.

म्हणून आधी कॉम्प्युटर बाजूला ठेवा. तुमचा प्रिंटर स्कॅनरवाला असेल तर घरातलं मराठी वर्तमानपत्र काचेवर ठेवून कॉपीचं बटण दाबा. प्रत नीट आली, म्हणजे शाई, ती कागदावर उमटवणारं हेड, कागद ओढणारे रोलर सगळं ठणठणीत आहे. स्कॅनर नसेल तर प्रिंटरचं स्वतःचं टेस्ट पेज काढा. कोणतं बटण किती वेळ दाबायचं ते मॉडेलप्रमाणे बदलतं, मॅन्युअलमध्ये सापडेल.

आता चौकोन. पीडीएफमध्ये अक्षरं चित्रासारखी नसतात. कोणतं अक्षर, कोणत्या फॉन्टमध्ये, एवढीच नोंद असते. फॉन्ट फाइलच्या आत भरलेला नसेल तर स्क्रीनवर तुमच्या कॉम्प्युटरमधला फॉन्ट वेळ मारून नेतो, पण छापताना ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरमधलं प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, मध्येच दुसरा फॉन्ट बसवतो. त्यात 'क्ष' किंवा 'र्य' नसला की चौकोन. ॲडोबी रीडरमध्ये फाइल उघडून प्रॉपर्टीजमधला फॉन्ट्स हा टॅब बघा. मराठी फॉन्टच्या नावापुढे 'एम्बेडेड', म्हणजे आत भरलेला, असं लिहिलेलं नसेल तर चोर सापडला.

यावर हुकमी इलाज म्हणजे रीडरच्या प्रिंट खिडकीत ॲडव्हान्स्ड बटण दाबून 'प्रिंट ॲज इमेज'वर टिक करा. मग कॉम्प्युटर अख्खं पान रंगवून चित्र म्हणूनच पाठवतो आणि प्रिंटरला फॉन्टशी काही देणंघेणं उरत नाही. वेळ जास्त लागतो, बारीक अक्षरं किंचित जाड दिसतात, पण ऑफिसात जमा करायच्या अर्जाला चालतं. कधी कधी तीच फाइल क्रोममध्ये उघडून प्रिंट दिली तरी काम होतं. मी आता आधी तेच करून बघतो.

अर्ज तुम्हीच वर्डमध्ये टाइप केला असेल तर ऑप्शन्समध्ये सेव्हखाली फॉन्ट फाइलमध्ये एम्बेड करायची सोय आहे, ती चालू करा. आणि मजकूर टायपिंगवाल्याकडून श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आला असेल, तर तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसेल. त्याच्याकडून वर्ड फाइल नको, पीडीएफच मागा, किंवा युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही कॉम्प्युटरला मराठी म्हणून ओळखता येणाऱ्या पद्धतीत, टाइप करायला सांगा.

खालच्या ओळींचं कारण वेगळं आणि अगदी किरकोळ आहे. आपला कागद ए-फोर, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. पण ड्रायव्हर पुष्कळदा अमेरिकी 'लेटर' आकारावर बसलेला असतो, तो २१६ बाय २७९. उंचीत १८ मिलिमीटरचा फरक, त्यात तुमच्या दोन ओळी गेल्या. आकार दोन ठिकाणी बघावा लागतो: प्रिंटिंग प्रेफरन्सेसमध्ये आणि प्रिंट देतानाच्या खिडकीत. प्रिंटरला स्वतःचा स्क्रीन असेल तर ट्रेच्या सेटिंगमध्येही. मी पहिलं बदललं, दुसरं विसरलो, आणि आठवडाभर समासाशी भांडत बसलो.

रेघा पडत असतील किंवा रंग उडाला असेल तर मात्र शाईचा प्रश्न. शाईची छिद्रं तपासणारं 'नोझल चेक' पान काढा, मग एखाद-दोनदाच हेड क्लीनिंग. त्यात शाई भरपूर जाते. एप्रिल-मेमध्ये इंकजेट, म्हणजे पातळ शाईचा प्रिंटर, महिनाभर बंद ठेवू नका, शाई सुकते; आठवड्याला एक रंगीत पान काढा. पावसाळ्यात कागदाचं रिम उघडं टाकू नका, सर्दावलेले कागद अडकतात.

पानामागून पान एकेक ओळ अगम्य चिन्हांची निघाली, तर चुकीचा ड्रायव्हर लागलाय. नुसता प्रिंटर बंद-चालू करून भागत नाही, उरलेलं काम कॉम्प्युटरमधल्या प्रिंटच्या रांगेत असतंच. रांग रिकामी करा, जुना ड्रायव्हर काढा, कंपनीच्या साइटवरून तुमच्या नेमक्या मॉडेलचा घ्या.

वर्तमानपत्राची प्रतच वेडीवाकडी आली तर खुशाल दुकानात न्या. ती प्रत सोबत असू द्या आणि पॉवर कॉर्डही. मी कॉर्ड घरी विसरलो होतो, स्कूटरच्या दोन फेऱ्या झाल्या.