४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर अभ्यासासाठी कोणतं लिनक्स टाकावं?

तुमचा लॅपटॉप ४ जीबी रॅमचा, हार्ड डिस्क जुनी, विंडोज रखडतंय आणि काम म्हणजे प्रोग्रॅमिंग, असाइनमेंट नि ऑनलाइन लेक्चर. माझं मत विचाराल तर लिनक्स मिंट टाका, त्यातही एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती. यूट्यूबवर दर आठवड्याला नवीन डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) 'बेस्ट' ठरतो, तिकडे फिरकू नका. परीक्षा तोंडावर असताना अपडेटनंतर स्क्रीन काळी पडू नये, ही तुमची खरी गरज. मिंट २२ हे उबंटू २४.०४ या दुसऱ्या लोकप्रिय लिनक्सवर उभं आहे आणि त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. शिवाय अडलात तर उबंटूसाठीचे बहुतेक उपाय इथेही चालतात. आर्चसारख्या, सगळं हाताने जुळवावं लागणाऱ्या लिनक्सची हौस सुट्टीत भागवा.

पण त्याआधी अभ्यासक्रमात कोणती सॉफ्टवेअर सक्तीची आहेत ते बघा. पायथन, जावा, सी, मॅटलॅब यांची काळजी नाही. ऑटोकॅड किंवा सॉलिडवर्क्स लागणार असेल तर त्यांची लिनक्स आवृत्तीच नाही. परीक्षेसाठी सेफ एक्झाम ब्राउझरसारखं (परीक्षेदरम्यान बाकी सगळं बंद ठेवणारं) काही वापरायला लावत असतील तर तेही लिनक्सवर चालत नाही. अशा वेळी विंडोज पुसू नका, शेजारी ठेवा.

८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या (आतलं सगळं पुसलं जाईल), विंडोजवरच्या रुफस या मोफत प्रोग्रॅमने त्यावर मिंट चढवा आणि इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा. वाय-फाय सापडतं का, आवाज येतो का, ब्राइटनेस कमी-जास्त होतो का, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का? हे शेवटचं बहुतेक जण तपासत नाहीत आणि मग वर्गात बसून रीस्टार्ट मारत राहतात. वाय-फाय दिसलं नाही तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला मिळेल. इन्स्टॉल झाल्यावर त्याच नेटवर ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर उतरवता येतो.

दोन्ही सिस्टिम ठेवणार असाल तर विंडोजमध्ये आधी फास्ट स्टार्टअप बंद करा. नाहीतर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवरच्या फायली दिसतात, पण सेव्ह काही करता येत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. लिनक्सला जागा करण्यासाठी विंडोजचं पार्टिशन (डिस्कवरचा भाग) लहान करायचं कामही विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून उरका. आणि महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे हवीच, हे वेगळं सांगायला नको.

मिंट बसलं की पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट हा सिस्टिमची प्रत ठेवणारा प्रोग्रॅम लावा. अपडेटने काही बिघडलं तर सिस्टिम मागे नेता येते. मात्र तो तुमच्या फायली सहसा धरत नाही, त्यामुळे असाइनमेंटचा बॅकअप वेगळा घ्या. लिबरऑफिसमध्ये (मिंटमधला वर्डचा पर्याय) केलेलं काम शक्यतो पीडीएफ करूनच द्या, कारण सरांच्या वर्डमध्ये तक्ते हमखास सरकतात. मराठी टायपिंगसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट मांडणी मिळेल.

एवढं करूनही ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडलेत तर मशीन दमणारच. मिंट हलकं असलं तरी वेबसाइट तेवढ्याच जड राहतात. थोडा खर्च जमत असेल तर जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (जास्त वेगवान डिस्क) बसवा आणि इन्स्टॉल त्यानंतरच करा, म्हणजे हे सगळं दोनदा करावं लागणार नाही.