तुमचा लेख दुसऱ्याच्या नावावर: आधी पुरावा, मग फोन

ताई, तुमचा गोधडीवरचा लेख मी दोन्हीकडे वाचला. तुम्ही फेसबुकवर टाकलेला आणि त्या दिवाळी अंकात दुसऱ्याच्या नावाने छापून आलेला. ही सरळ चोरी आहे. त्या गृहस्थांनी 'आजी'ची 'आई' केली, गावाचं नाव बदललं, पण तिसऱ्या परिच्छेदातलं 'सगळ्या नातवंडांत मीच थोरली' हे वाक्य तसंच राहिलं. पुरुषाच्या नावाखाली, आईवरच्या लेखात, थोरली नात! यापेक्षा बोलका पुरावा मिळणं कठीण.

लेखाची नोंदणी केली नव्हती, मग हक्क सांगता येईल का, असं तुम्ही विचारलंय. येईल. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेख लिहिला की हक्क आपोआप लेखकाचा होतो. नोंदणी असली तर कोर्टात बाजू मांडायला सोपं जातं, पण ती सक्तीची नाही.

संपादक म्हणतात, "नेटवर होतं, आता पुढच्या अंकात तुमचं नाव देऊ." नेटवरचं कुणीही वाचू शकतं, पण छापायचं तर तुम्हाला विचारायला हवं होतं. 'साभार' लिहिल्यानेही परवानगी मिळत नाही. आणि नाव देणं हे काही त्यांचे उपकार नाहीत. त्याच कायद्याच्या कलम ५७ मुळे आपल्या लेखनावर आपलं नाव असावं हा हक्क लेखकाकडेच राहतो, अगदी कॉपीराइट विकला तरी. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारने काढून नेलं, त्यात त्याची मोडतोड झाली. मालकी सरकारची होती, तरी याच कलमाखाली २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने सहगलांच्या बाजूने निकाल दिला, शिल्प परत करायला लावलं आणि पाच लाखांची भरपाई दिली.

उद्या कुणी स्वतःच्या आजीच्या गोधडीवर लिहिलं तर मात्र तक्रार करू नका. विषय, कल्पना कुणाची खासगी नसते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केलंय. तुमचे शब्द, तुमची मांडणी तुमची.

आता कामाचं. त्या लेखकाला जाहीर पोस्टमध्ये टॅग करण्याची घाई करू नका. पोस्ट गाजते, समोरचा घाबरून सगळं डिलीट करतो आणि पुरावा हातचा जातो, हे मी इथे कितीतरी वेळा पाहिलंय. आधी त्या दिवाळी अंकाच्या ऑनलाइन प्रतीचे, म्हणजे ई-अंकाचे स्क्रीनशॉट घ्या, लिंक आणि तारीख दिसेल असे. पान वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपून ठेवणाऱ्या साइटवर, जतन करा. तुमची मूळ फाइल, फेसबुक पोस्टची तारीख, कुणाला मेल केला असेल तर तो मेल, काहीही उडवू नका. फोन बदलणार असाल तर थोडं थांबा, कारण कोर्टात नुसती प्रिंट चालत नाही, ती ज्या फोनवरून काढली त्याबद्दलचं प्रमाणपत्र सोबत द्यावं लागतं.

मग संपादकांना ईमेल करा. फोनवर बोलणं झालंच तर काय ठरलं ते लगेच मेलवर लिहून पाठवा. ई-अंकातून लेख हटवणं, पुढच्या अंकात ठळक जागी खुलासा आणि मानधन, या तिन्ही गोष्टी मागा. मानधन मागायला बिलकूल लाजू नका. लेखकाने पैशाचं बोलू नये या आपल्याकडच्या समजावरच असल्या लोकांचं फावतं.

फेसबुकवर कुणी उचललं असेल तर फेसबुकचा कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म भरा, साधं 'रिपोर्ट' दाबून भागत नाही. कोर्टात जायची वेळ आलीच तर कलम ६२ प्रमाणे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, प्रकाशकाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत.

व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डचा पाठलाग करणं मात्र अवघड आहे. शेवटी लिहिलेलं लेखकाचं नाव कापून लेख पुढे जातो, आणि मग तोच कधी पुलंच्या तर कधी कुसुमाग्रजांच्या नावाने आपल्याकडे परत येतो. म्हणून पुढच्या वेळी नाव शेवटी टाकू नका, मजकुरातच गुंफा. "आजी मला हाक मारायची" असं लिहिताना हाकेत तुमचं नाव येऊ द्या.

आणि त्या अंकाच्या दोन छापील प्रती आजच विकत घ्या, पावतीसकट. दिवाळी सरली की दुकानदार उरलेले अंक परत पाठवतात.