मशेरी सुटली, पण दुपार सरत नाही

प्रश्न : ताई, मी ४३ वर्षांची, कऱ्हाडजवळच्या एका गावात राहते. लग्न होऊन आले त्या वर्षी दाढ ठणकत होती म्हणून सासूबाईंनी हातावर मशेरी ठेवली, ती चोवीस वर्षं सुटली नाही. मध्यंतरी दातांच्या डॉक्टरांना गालात आतून पांढरा चट्टा दिसला. घाबरले आणि सोडली. आज ३६ दिवस झाले. डोकेदुखी, चिडचिड ओसरली, पण आता कशातच जीव रमत नाही. जेवणं उरकली की दुपार अंगावर येते. मालिका लावते, बंद करते. पोट साफ होत नाही. उगाच डोळे भरून येतात. घरचे म्हणतात, "लावत होतीस तेच बरं होतं." त्यात सासूबाई दर पंधरा दिवसांनी तव्यावर मशेरी भाजतात, तो वास सोसवत नाही. माझं काय बिघडलंय?

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मला माझी डबी आठवली. आरोग्य उपकेंद्रात मी ३१ वर्षं सिस्टर होते आणि त्यातली १७ वर्षं मशेरी लावत होते. गरोदर बायकांना "तंबाखूला हात लावू नका" असं बजावायचं आणि क्वार्टरवर येऊन दार लोटून डबी उघडायची. तेव्हा हे उत्तर शहाणपणाचं नाही, सोसलेलं आहे.

आधी तुमची दुपार बघू. डाव्या तळहातावर चिमूट, उजव्या हाताचं पहिलं बोट, मागच्या दाराची पायरी. तोंड भरलेलं असलं की बाईला कोणी काही विचारत नाही. विचारलंच तर "हं" म्हटलं की भागतं. वीस मिनिटं चहा थांबतो, पोरं थांबतात, नवऱ्याचा हरवलेला चष्मासुद्धा थांबतो. नुसती बसलेली बाई आपल्याकडे कोणाच्या डोळ्यांना बघवत नाही, मशेरी लावत बसलेली चालते. डबीबरोबर तुमची ती बैठकही गेली. तुम्हाला वाटतंय मशेरी आठवते. मला विचाराल तर निम्मी आठवण पायरीची आहे.

उरलेली निम्मी मशेरीतल्या तंबाखूच्या निकोटीनची. ते मेंदूत डोपामाइन सोडायला लावतं, म्हणून बरं वाटतं. पण दोनेक तासांत रक्तातलं निकोटीन निम्म्यावर येतं आणि जीव कासावीस होऊ लागतो. पुढची चिमूट ती कासाविशी घालवायची, आणि आपण म्हणायचो, मशेरीनं मन ताजं होतं! रोज निकोटीन मिळालं की मेंदू त्याच्यासाठी जास्तीचे पाट मांडून ठेवतो. पाहुणा यायचा बंद झाला तरी पाट लगेच उचलले जात नाहीत. सिगारेट सोडलेल्यांच्या मेंदूच्या तपासण्यांत त्याला साधारण ६ ते १२ आठवडे लागलेले दिसले. तुमचे जेमतेम पाच झालेत. तोवर मालिका, शेजारणीच्या गप्पा, आमरससुद्धा फिका लागला तर घाबरू नका.

आता माझी चूक सांगते. सोडल्यावर रिकामं बसायचंच नाही असं ठरवून मी घरातली सगळी पितळी भांडी चिंचेनं घासली. दोन दिवसांत भांडी संपली आणि हात पुन्हा मोकळे. मग "तंबाखू नाही ना" म्हणून सुपारी धरली. नुसत्या सुपारीनंही तोंडाचा कर्करोग होतो हे मला नंतर कळलं. तुमच्या गालात तर आधीच चट्टा आहे, सुपारीच्या वाटेला अजिबात जाऊ नका.

शेवटी उपयोगी पडलं ते पायरीवर परत जाऊन बसणं. त्याच वेळेला, तेवढीच वीस मिनिटं. तोंडात लवंग किंवा बडीशेप, आणि हाताला चाळा हवा म्हणून मी लसूण सोलायला घ्यायची. पण लसूण हे निमित्त हं, काम नव्हे. कोणी हाक मारली तर उठायचं नाही. पहिले दोन दिवस घरचे बघत राहतील, मग सवय होईल. मात्र पायरीवर बसल्यावर डबीच जास्त आठवत असेल, तर जागा बदला. गच्ची चालेल, देवळाचा पार चालेल. वेळ तेवढी सोडू नका.

पोटाची तक्रार मशेरी सुटल्यावर येऊ शकते. सकाळी उठल्या उठल्या दोन तांबे कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि थोडं चालणं. नाहीच जमलं तर रात्री इसबगोल घ्या. हळूहळू बसेल.

एका गोष्टीत मात्र माझ्यातली सिस्टर गप्प बसणार नाही. तुमच्या वयात हिमोग्लोबिन, थायरॉइड, पाळीतले बदल यांनीही मन उतरतं. सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. सलग दोन आठवडे रोज बहुतेक वेळ उदास वाटत असेल, झोप-जेवण उडालं असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा; ते सगळं मशेरीच्या खाती टाकू नका. जगणंच नको असा विचार आला तर त्याच क्षणी घरात कोणाला तरी सांगा आणि १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या, क्रमांकावर फोन करा, तो रात्रीसुद्धा उचलतात. तलफेसाठी १८००-११-२३५६ हा वेगळा क्रमांक आहे, तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो. आणि चट्टा दाखवायची पुढची तारीख चुकवू नका, दुखत नसला तरी.

राहिल्या सासूबाई. "तुम्हीपण सोडा" असं त्यांना आत्ताच म्हणू नका, दोन्ही आघाड्यांवर लढायची ताकद या महिन्यात नाही. एवढंच मागा की भाजायचा तवा परड्यात न्यावा आणि भाजायच्या आधी सांगावं, म्हणजे तेवढा वेळ तुम्ही दळण घेऊन गिरणीत जाल. त्या कुरकुरतील. पण दाढदुखीला मशेरी हातावर ठेवली ती त्यांनी मायेनंच ना? मग तो चट्टा आरशात तुम्हाला दिसतो तसा एकदा त्यांनाही दाखवा.