चेंबरलेन समोर असताना नॉर्थ कॅरोलायना 54-53 नं कसं जिंकलं

प्रश्न दोन आहेत. 1957 च्या अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायना आणि कॅन्सस या विद्यापीठांच्या संघांत तीन ओव्हरटाइम (बरोबरी सोडवायचा वाढीव खेळ) झाले आणि त्यातल्या दुसऱ्यात दोन्ही संघांना एकही गुण मिळाला नाही, हे कसं शक्य आहे? आणि विल्ट चेंबरलेनसारखा खेळाडू असून कॅन्सस हरलं, म्हणजे तो त्या दिवशी फसला का? दुसऱ्याचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. पण ते पटायचं तर त्या काळचे नियम आणि नॉर्थ कॅरोलायनाचा अख्खा हंगाम, दोन्ही बघावे लागतात.

आधी नियम. तेव्हा कॉलेजच्या खेळात शॉट क्लॉक, म्हणजे ठरावीक सेकंदांत बास्केटकडे फेक करायला लावणारं घड्याळ, नव्हतं. व्यावसायिक एनबीएनं 24 सेकंदांची मर्यादा 1954-55 मध्येच आणली होती. कॉलेजमध्ये 45 सेकंदांचं घड्याळ यायला 1985-86 उजाडलं. चेंडू 10 सेकंदांत मध्यरेषेपलीकडे न्यायचा एवढं बंधन होतं. त्यानंतर आघाडीवरचा संघ चेंडू मनात येईल तितका वेळ आपापसांत फिरवू शकायचा. कबड्डीत सलग कितीही रिकाम्या चढाया चालायच्या आणि प्रो कबड्डीनं 'डू ऑर डाय' आणून ते बंद केलं, तसाच हा फरक. तीन गुणांची रेषाही नव्हती (ती 1986-87 ची), त्यामुळे मागे पडलेल्या संघाला झटक्यात अंतर कापता येत नसे. 20-20 मिनिटांचे दोन भाग, 5 मिनिटांचा ओव्हरटाइम, पाचव्या फाउलला बाहेर. प्रथम वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळायला बंदी होती, म्हणून चेंबरलेनचा हा दुसऱ्या वर्षातला, पण मुख्य संघातला पहिला हंगाम.

आणखी एक नियम फारसा कुणाच्या लक्षात राहत नाही. सहकाऱ्यानं टाकलेला चेंडू रिंगवर असताना आक्रमक संघाच्या खेळाडूनं तो हातानं आत ढकलणं 1956-57 मध्ये वैध होतं. बंदी पुढच्या हंगामापासून आली. सात फुटांच्या चेंबरलेनला याचा केवढा फायदा होता हे सांगायला नको. त्याच्याशी रिंगजवळ झुंजण्यात अर्थ नव्हता. चेंडू त्याच्यापर्यंत पोचूच द्यायचा नाही, हा एकच मार्ग उरत होता.

हे इतरांनी आधीच करून दाखवलं होतं. अंतिम सामन्याआधी कॅन्सस दोनदा हरलं होतं: आयोवा स्टेटकडून 39-37 आणि ओक्लाहोमा ए अँड एमकडून 56-54. धावसंख्या बघा. दोन्ही वेळा समोरच्यानं खेळ संथ करून चेंडूचे ताबेच कमी केले. अंतिम सामना धरून कॅन्ससचे त्या हंगामातले पराभव तीन, आणि तिन्हींतला फरक मिळून 5 गुणांचा. हा कमकुवत संघ नव्हता. त्याला हरवायची वाट फार अरुंद होती, इतकंच.

आता नॉर्थ कॅरोलायना. प्रशिक्षक फ्रँक मॅग्वायर 1952 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्सहून आलेले. त्याच वर्षी त्यांचा सेंट जॉन्सचा संघ अंतिम सामन्यात कॅन्ससकडूनच हरला होता. चॅपल हिलला, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या गावी, त्यांनी न्यूयॉर्क परिसरातली मुलं आणून संघ उभा केला: लेनी रोझनब्लूथ, पीट ब्रेनन, जो क्विग, बॉब कनिंगहॅम, टॉमी कर्न्स. पाचही जण त्याच भागात खेळून तयार झालेले. त्यातला रोझनब्लूथ एकटा शेवटच्या वर्षाला होता. त्यानं हंगामात सरासरी 28 गुण काढले. तो प्रामुख्यानं बास्केट करणारा फॉरवर्ड (पुढच्या फळीतला खेळाडू); पण बाकीच्यांच्या पासवर तो किती अवलंबून होता हे निव्वळ आकड्यांत दिसत नाही.

हंगामातला 32-0 (32 विजय, एकही पराभव नाही) हा आकडा वाचून संघ सगळ्यांना चिरडत गेला असं वाटतं. तसं झालेलं नाही. डिसेंबरमध्ये साउथ कॅरोलायनाविरुद्ध 90-86, तेही ओव्हरटाइममध्ये. फेब्रुवारीत मेरीलँडला दोन ओव्हरटाइमनंतर 65-61. त्याच आठवड्यात घरच्या वूलन जिम्नॅशियममध्ये ड्यूकविरुद्ध 75-73, आणि हा सामना तपशिलात बघण्यासारखा आहे. ड्यूकच्या गार्डनं (चेंडू खेळवणाऱ्या मागच्या खेळाडूनं) शेवटच्या क्षणांत चेंडू हिसकावून बास्केट केली आणि 73-73 अशी बरोबरी झाली. धावफलक मात्र अजून बदललेला नव्हता, तो 73-71 च दाखवत होता. आपण मागेच आहोत अशा समजुतीनं त्यानं कर्न्सला फाउल केलं. कर्न्सनं दोन्ही फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणाऱ्या एकेका गुणाच्या मोकळ्या फेकी) घातले आणि सामना संपला. त्या काळी फलक माणूस हातानं चालवायचा. गुण बदलायला काही सेकंद लागायचे, आणि तेवढ्यात हंगाम इकडचा तिकडे होऊ शकायचा.

त्याहून मोठं संकट अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना ज्या विद्यापीठांच्या गटात होतं त्याच्या, स्पर्धेत होतं. तेव्हा राष्ट्रीय स्पर्धेत एकूण 23 संघ घेत, आणि या कॉन्फरन्समधून फक्त तिच्या स्पर्धेचा विजेता जाई. म्हणजे साखळीत अपराजित राहूनही रॅलेतल्या तीन दिवसांत एकदा घसरलात की हंगाम खलास. रोझनब्लूथनं पहिल्या सामन्यात क्लेम्सनविरुद्ध 45 गुण काढले, पण उपांत्य सामन्यात वेक फॉरेस्ट शेवटच्या मिनिटापर्यंत 59-58 नं पुढे होतं. रोझनब्लूथनं बास्केट केली, त्यावर फाउल मिळाला, फ्री थ्रोही गेला: 61-59. वेक फॉरेस्टशी त्या हंगामातली ही चौथी गाठ होती. एवढ्या वेळा भेटलेला संघ तुमची प्रत्येक हालचाल ओळखून असतो. माझ्या मते हंगामातला सर्वांत अवघड सामना हाच, अंतिम सामना नव्हे.

राष्ट्रीय स्पर्धेत येल, कॅनिशियस आणि सिरॅक्यूज यांना हरवून संघ कॅन्सस सिटीत पोचला. 22 मार्चच्या शुक्रवारी उपांत्य सामन्यात मिशिगन स्टेटशी गाठ पडली. पहिल्या ओव्हरटाइमच्या अखेरीस मिशिगन स्टेट 2 गुणांनी पुढे होतं आणि त्यांचा जॉनी ग्रीन फ्री थ्रोला उभा होता. तो हुकला. ब्रेनननं रिबाउंड (हुकून परत आलेला चेंडू) घेतला आणि पास न देता अख्खं कोर्ट पार करून शेवटच्या काही सेकंदांत बास्केट केली. इथं अनुभवी प्रशिक्षकसुद्धा गार्डला पास द्यायलाच सांगेल, पण पास देण्यात एक-दीड सेकंद जातो आणि तेवढा वेळच नव्हता. तीन ओव्हरटाइमनंतर 74-70. दुसऱ्या रात्री अंतिम सामना, पुन्हा तीन ओव्हरटाइम. दोन रात्रींत 110 मिनिटं खेळ, आणि मॅग्वायर मोजक्या सहा-सात जणांवरच सगळं चालवत होते.

आता 23 मार्च. म्युनिसिपल ऑडिटोरियम, कॅन्सस सिटी. कॅन्सस विद्यापीठाचं गाव लॉरेन्स तिथून जवळच, म्हणून प्रेक्षक बहुतेक त्यांचे. सुरुवातीच्या जंप बॉलला (दोघांमध्ये वर उडवलेला चेंडू उडी मारून मिळवायचा) मॅग्वायरनी चेंबरलेनसमोर सहा फुटांनाही कमी पडणाऱ्या कर्न्सला उभं केलं. हा किस्सा सगळे सांगतात. चेंबरलेनसमोर तो चेंडू नॉर्थ कॅरोलायनाच्या कुणालाच तसाही मिळणार नव्हता, म्हणून उंच क्विगला बचावासाठी मागे मोकळं ठेवणं व्यवहाराचंही होतं.

खरं काम पुढच्या दहा मिनिटांत झालं. कॅन्ससचे प्रशिक्षक डिक हार्प यांनी 'बॉक्स अँड वन' लावलं: एक जण सतत रोझनब्लूथला चिकटलेला, उरलेले चार चौकोनात. या बचावाची किंमत अशी की बाकीच्या चार आक्रमकांना बाहेरून मोकळे शॉट मिळतात. नॉर्थ कॅरोलायनानं ते घातले आणि 19-7 अशी आघाडी घेतली. हार्पना बचाव बदलावा लागला, मध्यंतराला 29-22.

दुसऱ्या बाजूला चेंबरलेनभोवती घेराव होता. एक मागून, एक पुढून, आणि चेंडू आत येताच तिसरा धावून येणारा. याचीही किंमत असतेच: कॅन्ससचे इतर खेळाडू मोकळे राहतात. मॅग्वायरनी ती जाणूनबुजून मोजली. आता स्कोअरशीट बघा. चेंबरलेन: 6 बास्केट, 11 फ्री थ्रो, 23 गुण, 14 रिबाउंड. त्याच्याखेरीज बाकी सगळ्या कॅन्ससनं मिळून 55 मिनिटांत फक्त 9 बास्केट केल्या. एकूण बास्केट नॉर्थ कॅरोलायनाच्या 21, कॅन्ससच्या 15. फ्री थ्रो मात्र उलटे: 12 विरुद्ध 23. घेरावात फाउल होतात, त्याचा हा हिशोब.

उत्तरार्धात कॅन्सस 40-37 नं पुढे गेलं आणि चेंडू धरून बसलं. मला हा निर्णय आजही चुकीचा वाटतो. फाउल नॉर्थ कॅरोलायनाचे वाढत होते, शुक्रवारच्या सामन्यानं पाय त्यांचे जड झाले होते. अशा वेळी हल्ला चढवायचा असतो. हार्पनी त्यांना श्वास घ्यायला वेळ दिला. रोझनब्लूथ 20 गुण करून पाचव्या फाउलवर बाहेर गेला तेव्हा 1 मिनिट 45 सेकंदच उरले होते. तरीही 46-46.

पहिल्या ओव्हरटाइममध्ये दोघांची एकेक बास्केट, 48-48. आणि दुसऱ्यात शून्य. कारण आता कळेल: घड्याळ नाही, पाय संपलेले, फाउलची भीती, आणि एक चुकलेला शॉट म्हणजे रिबाउंड चेंबरलेनच्या हातात. शॉट न घेणं हाच सर्वांत सुरक्षित डाव होता. तिसऱ्यात नॉर्थ कॅरोलायना कर्न्सच्या जोरावर 52-48, मग चेंबरलेनची बास्केट आणि वर फ्री थ्रो, मग कॅन्ससचे आणखी दोन फ्री थ्रो: 53-52. शेवटचे 6 सेकंद उरले असताना क्विगवर फाउल झाला. त्यानं दोन्ही फ्री थ्रो घातले. अख्ख्या सामन्यात त्याचे यशस्वी फ्री थ्रो हे दोनच. कॅन्ससनं चेंबरलेनकडे उंच पास टाकला, क्विगनंच तो बोटांनी उडवला, कर्न्सनं चेंडू पकडून छताकडे भिरकावला.

एक बाब वगळून हा हंगाम समजत नाही. नॉर्थ कॅरोलायनाचा संघ, आणि तेव्हाची त्यांची अख्खी कॉन्फरन्स, फक्त गोऱ्या खेळाडूंची होती. कॅन्ससकडे चेंबरलेन आणि मॉरिस किंग होते, आणि डॅलसमधल्या विभागीय फेरीत त्यांना प्रेक्षकांकडून वर्णद्वेषी शिव्या ऐकाव्या लागल्या. चॅपल हिलला पहिला कृष्णवर्णीय शिष्यवृत्तीधारक बास्केटबॉलपटू, चार्ली स्कॉट, 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात आला.

तेव्हा चेंबरलेन फसला का? हरलेल्या संघात असूनही स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच ठरला. पुढच्या हंगामातही समोरचे संघ तीन-तीन माणसं त्याच्याभोवती लावून चेंडू धरून बसत राहिले, आणि 1958 मध्ये त्यानं कॉलेज सोडलं ते हेच कारण जाहीरपणे देऊन. व्यावसायिक खेळात 24 सेकंदांचं घड्याळ असल्यानं ही युक्ती तिथं चालत नव्हती. 1961-62 मध्ये फिलाडेल्फिया वॉरियर्सकडून त्यानं सरासरी 50.4 गुण काढले आणि एका सामन्यात 100. त्या हंगामात त्याचे प्रशिक्षक होते फ्रँक मॅग्वायर.