कोकणकड्यावरच्या सूर्यास्ताचा माझा फोटो सपाट दिसतो. रचना आणि एडिटिंग कसं सुधारू?

तुम्ही दिलेला फोटो ऑक्टोबरातल्या संध्याकाळचा, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून काढलेला आहे. १८-५५ची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी), १८ मिमी, छिद्र (ॲपर्चर) एफ/२२. मावळता सूर्य मधोमध, क्षितिजही बरोबर मध्यावर, डावीकडे कड्याची काळी बाजू आणि खाली गवताचा गडद पट्टा. एडिट करताना डीहेझ (धुरकटपणा कापणारा स्लायडर) आणि सॅच्युरेशन (रंगांची तीव्रता) बरंच चढवलंय. तिथे उभं राहिल्यावर पोटात गोळा आला होता, तो फोटोत का उतरत नाही, हा तुमचा प्रश्न.

हा फोटो सूर्याचा झालाय, कड्याचा नाही, म्हणून. मावळता सूर्य कुठल्याही टेकाडावरून असाच दिसतो. पोटात गोळा आणला तो कड्याने, आणि नेमका तोच फोटोत काळा ठिक्कर होऊन कोपऱ्यात गेलाय. उभं कुठे राहायचं इथपासून ते शेवटच्या स्लायडरपर्यंत सगळं या एका गोष्टीवरून ठरवा.

कोकणकड्याचं तोंड साधारण पश्चिमेला आहे. सकाळभर तो सावलीत असतो, दुपार कलली की त्याच्या अंगावर ऊन येतं. शिवाय तो आत वळलेला, अर्धवर्तुळाकार आहे. तुम्ही काठाच्या मधल्या भागात उभं राहून थेट सूर्यावर कॅमेरा रोखलात. त्यामुळे उजळलेला कातळ तुमच्या पायाखाली आणि उजव्या हाताला राहिला आणि चौकटीत आली ती सावलीतली बाजू. त्याऐवजी कड्याच्या या बाकाच्या, म्हणजे वळणाच्या, एका टोकाकडे सरकून कॅमेरा कड्याच्या रोखाने वळवला असतात, तर सूर्य चौकटीबाहेर गेला असता आणि ऊन बाजूने आलं असतं. अशा तिरप्या उन्हात कातळाचे आडवे थर एकेक करून सुटे दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाचे हे थर. त्यांच्या रेषा आपोआप कड्याच्या बाकाबरोबर वळत जातात आणि बघणाऱ्याची नजरही त्यांच्याबरोबर वळते. यासाठी वेगळी ‘लीडिंग लाइन’ शोधायला नको, डोंगरानेच ती आखून ठेवली आहे.

कुठल्या टोकाला उभं राहायचं हे महिन्यावर ठरतं. आपल्या अक्षांशावर डिसेंबरच्या शेवटी सूर्य नेमक्या पश्चिमेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेला मावळतो, जूनमध्ये जवळपास तेवढाच उत्तरेला. तुम्ही गेलात तेव्हा तो पश्चिमेच्या थोडा दक्षिणेला होता. म्हणजे शेवटचं ऊन बाकाच्या उत्तरेकडच्या अंगावर पडत होतं आणि दक्षिणेकडचं अंग, जे तुमच्या फोटोत डावीकडे आहे, ते सावलीत जात होतं. हिवाळ्यात हा फरक आणखी वाढतो. सूर्याची दिशा दाखवणारी ॲप्स फोनवर मिळतात. पाचनई या पायथ्याच्या गावातून चढायला लागण्याआधीच ते बघून ठेवा, वर रेंजचा भरवसा धरू नका.

वेळेबद्दल एक आग्रहाने सांगतो. सगळे जण सूर्य टेकण्याची वाट बघतात. पण पावसाळा संपला की कोकणाच्या बाजूला धुरकटाचा थर साचतो आणि पुष्कळदा सूर्य क्षितिजाला पोचण्याआधीच त्यात विरून जातो. कड्यावरचं सोनेरी ऊन त्याच्याही आधी संपलेलं असतं. तेव्हा सूर्यास्ताच्या तासभर आधी जागा धरा आणि पहिला अर्धा-पाऊण तास फक्त कातळाकडे बघा. सूर्य गेल्यावरही लगेच ट्रायपॉड गुंडाळू नका. पुढची पंधरा-वीस मिनिटं आकाशाचा आणि जमिनीचा उजेड एकमेकांच्या जवळ येतो, आणि एकाच एक्स्पोजरमध्ये दोन्ही सांभाळता येतात.

आता लेन्स. १८ मिमीला सगळं मावतं खरं, पण दूरचं सगळं बारीक होतं. एवढा कडा तुमच्या फोटोत बांधाएवढा दिसतो, नाफ्ता डोंगराचे सुळके तर शोधावे लागतात. याच लेन्सवर ३५ ते ५५ मिमीला येऊन कड्याचा एकच तुकडा आणि त्यामागे एकापाठोपाठ एक डोंगररांगा घेऊन बघा. कडा पूर्ण दाखवलाच पाहिजे असं नाही. चौकटीतून बाहेर जाणारा कडा जास्त मोठा वाटतो. रुंद लेन्सच वापरायची तर पुढ्यात काहीतरी ठोस हवं: कातळाची धार, सप्टेंबरात गेलात तर सोनकीच्या पिवळ्या फुलांचा ताटवा. तुमच्या फोटोतलं गवत काळं पडलंय, म्हणून त्याने नुसतीच जागा अडवली आहे.

उंची कळायला माणूस लागतो. कोकणकड्यावर लोक पालथे झोपून काठावरून खाली डोकावतात. लांबच्या टोकावरचा असा एखादा इवलासा माणूस चौकटीत आला की कड्याचा आकार क्षणात कळतो. मात्र फोटोसाठी कुणालाही काठावर उभं करू नका. तिथे खालून वर येणाऱ्या वाऱ्याचा झोत अचानक येतो आणि पावसाळ्यात कडेचं गवत निसरडं असतं.

सेटिंग्जबद्दल थोडक्यात. एफ/२२ तुम्ही सूर्याच्या किरणांच्या चांदणीसाठी घेतलं असेल, पण तुमच्या कॅमेऱ्यात आहे तेवढ्या सेन्सरवर छिद्र एवढं लहान केलं की डिफ्रॅक्शनमुळे (लहान छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे) सगळंच चित्र मऊ पडतं. एफ/८ ते एफ/११ पुरे. एक्स्पोजर आकाशाच्या उजळ भागावरून ठरवा, हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला चिकटू देऊ नका. फरक फारच मोठा असेल तर दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) अंतराने तीन फोटो काढून ठेवा. आणि रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) मध्येच काढा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉ मध्ये १६,३८४. सावलीतला कातळ वर उचलताना हा फरक डोळ्यांना दिसतो.

तुम्ही म्हणता या फोटोची रॉ फाइल आहे. मग हाच फोटो पुन्हा पहिल्यापासून करा, आधीच्या एडिटवर डागडुजी नको.

आधी क्रॉप. उजवीकडून एवढं कापा की सूर्य चौकटीबाहेर जाईल. पोकळ वाटलं तर निदान तो कडेला तरी ढकला. वरचं रिकामं आकाश निम्मं उडवा. क्षितिज मध्यावरून वरच्या तिसऱ्या भागाच्या आसपास आलं की कड्याला आणि खालच्या दरीला जागा मिळेल. क्षितिज सरळ करताना डोंगराच्या धारेवर जाऊ नका, ती मुळातच उतरती आहे. दूरच्या धुरकटाची वरची कड धरा.

यानंतर डीहेझ शून्यावर आणा. तुमच्या एडिटमधली ही सगळ्यात महत्त्वाची दुरुस्ती आहे, आणि सह्याद्रीच्या निम्म्या-अधिक फोटोंना ती लागू पडते. डोंगर लांब आहे हे फोटोत कशावरून कळतं? मधल्या हवेवरून. जवळचा कातळ गडद आणि ठसठशीत, त्यामागची रांग जरा फिकी, त्यामागची निळसर, शेवटची जवळजवळ आकाशात मिसळलेली. हवेतले कण प्रकाश विखुरतात म्हणून हे होतं, आणि सपाट कागदावर खोली दाखवायचं डोंगरांच्या चित्रात याहून मोठं साधन नाही. तुम्ही सगळ्या फोटोला डीहेझ लावलंत तेव्हा शेवटच्या रांगेलाही पहिल्या रांगेइतका काळेपणा आला आणि सगळ्या रांगा एका भिंतीवर चिकटल्या. फोटो सपाट वाटतो तो यामुळे. डीहेझ लावायचंच तर मास्क करून (तेवढाच भाग निवडून) फक्त जवळच्या कड्याला, तेही १०-१५. दूरच्या रांगांना उलट किंचित ऋण बाजूला न्या.

कड्याच्या धारेवर जी पांढरी किनार दिसते, तीही यातूनच आणि क्लॅरिटीतून (मधल्या छटांचा उठाव वाढवणाऱ्या स्लायडरमधून) आली आहे. स्नॅपसीड या फोन ॲपमधला एचडीआर स्केप हा फिल्टर जोरात लावला तरी हीच किनार येते. तिने डोंगर कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो. आकाश गडद करायला वरून खाली ग्रेडियंट (हळूहळू विरत जाणारा पट्टा) ओढलात तर तो कड्याच्या माथ्यावरही बसतो. म्हणून त्यातून कडा वजा करा.

मग उजेड. नजर आधी सगळ्यात उजळ जागी जाते, त्यामुळे ती जागा कड्याजवळ असली पाहिजे. हायलाइट्स (सगळ्यात उजळ भाग) खाली घ्या. सूर्य चौकटीत ठेवलात तर त्याचं बिंब पांढरं राहिलं तरी चालेल, त्याच्याभोवतीचा पिवळा रंग परत आला पाहिजे. सावलीतला कडा ब्रशने एक-सव्वा स्टॉप उचला, त्याहून जास्त नको. संध्याकाळी सावली असतेच, ती पुसली की संध्याकाळ राहत नाही. कातळाच्या ज्या थरांवर थोडा उजेड आहे तेवढेच आणखी किंचित उजळा, मधल्या फटी गडद करा. याला कुणी खोटेपणा म्हणेल, पण डार्करूममध्येही हेच चालायचं. अमेरिकन छायाचित्रकार अँसल ॲडम्सने १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो काढला. त्याच निगेटिव्हवरून त्याने पुढे अनेक वर्षं प्रिंट काढले, आणि नंतरच्या प्रिंटमध्ये आकाश पहिल्यापेक्षा खूप गडद आहे.

रंगात एवढंच: व्हाइट बॅलन्स (रंगांची ऊब-गारवा ठरवणारं सेटिंग) ऑटोवर असल्याने संध्याकाळची ऊब कमी झाली आहे, तो ५,५०० केल्विनच्या आसपास आणून बघा. सॅच्युरेशन शून्य. हिरव्या रंगाचा ह्यू (छटा) थोडा पिवळ्याकडे सरकवा आणि त्याची तीव्रता कमी करा. ऑक्टोबरात गडावरचं गवत पिकायला लागलेलं असतं, तुमच्या फोटोत ते श्रावणातल्यासारखं हिरवं झालंय. शक्य असेल तर एडिट रात्रभर तसंच ठेवा आणि सकाळी ताज्या नजरेने सगळे स्लायडर थोडे मागे घ्या. बहुतेक वेळा घ्यावेच लागतात.

नेटवर टाकताना एसआरजीबी या रंगप्रणालीमध्ये, लांब बाजू २,०४८ पिक्सेल करून एक्स्पोर्ट करा आणि शार्पनिंग आकार लहान केल्यानंतरच. प्रिंट काढणार असाल तर क्रॉपचा हिशोब आधी बघा. २४ मेगापिक्सेलचा पूर्ण फोटो ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २० इंच रुंद छापता येतो. वर सांगितल्याप्रमाणे कापल्यावर रुंदी जवळपास निम्मी होऊन तो साधारण १० इंचांवर येईल. छोट्या फ्रेमसाठी तेवढा पुरतो. फक्त प्रिंटची प्रत स्क्रीनवर दिसते त्यापेक्षा जरा उजळ ठेवा, नाहीतर कड्यावरचे जे थर एवढ्या कष्टाने वर आणले ते कागदावर पुन्हा काळे होतील.