देवगडच्या खळ्यात स्प्रिट्झ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मे महिन्यात देवगडच्या घरी आठ जण जमणार, इटलीच्या सहलीत प्यालेलं ते नारंगी स्प्रिट्झ (अ‍ॅपेरॉल ही कडू-गोड इटालियन दारू, फसफसती वाइन आणि सोडा) सगळ्यांना पाजायचंय, बाटली पुण्याहून येईल, पण मागच्या वेळी केलं तेव्हा "पाणचट" झालं. आणि अ‍ॅपेरॉलऐवजी हुर्राक (गोव्याची काजूच्या बोंडांची दारू) चालेल का.

पाणचट झालं ते प्रमाण चुकल्यामुळे नसणार, बर्फामुळे असणार. खात्रीने सांगतो, कारण मीही तेच केलं होतं. पहिल्या वेळी बाटल्या दुपारभर पडवीत, सोडा पिशवीत, आणि फ्रीजच्या ट्रेमधले इवलेसे चौकोन ग्लासात तीन-तीन. दहा मिनिटांत रंगीत पाणी. काकांनी एक घोट घेतला आणि विचारलं, "सरबत पातळ झालां काय रे?" त्यानंतर मी प्रमाणाच्या नादी लागणं सोडलं आणि बर्फाच्या मागे लागलो.

प्रमाण तसं सोपं आहे: ३ भाग प्रोसेक्को (इटलीची फसफसती वाइन), २ भाग अ‍ॅपेरॉल, १ भाग सोडा. म्हणजे ग्लासाला ९०, ६० आणि ३० मिली. मोजायला औषधाचं मापही चालतं. प्रोसेक्को नाहीच मिळाली तर नाशिककडची कुठलीही स्पार्कलिंग वाइन घ्या, फक्त लेबलवर "ब्रूट" (म्हणजे गोड नसलेली) लिहिलेलं बघून. अ‍ॅपेरॉल मुळातच गोड, त्यात गोड वाइन घातली की खोकल्याचं औषध तयार.

आता बर्फ. दोन दिवस आधी स्टीलचे उभे डबे पाण्याने भरून फ्रीझरात ठेवा. आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून दोन दिवस म्हणतोय. आयत्या वेळी डबा क्षणभर नळाखाली धरला की गोळा सुटतो. तो स्वच्छ पंच्यात गुंडाळून बत्त्याने दोन-तीन फटके द्या, लिंबाएवढे तुकडे होऊ देत, चुरा नको. बारीक बर्फाचा पृष्ठभाग जास्त, म्हणून तो लवकर वितळतो. आणि ग्लास काठोकाठ बर्फाने भरा. "एवढा बर्फ घातला तर पाणीच होणार" असं वाटतं, पण होतं उलटं. बर्फ भरपूर असला की सगळं एकदम गार होतं आणि वितळतं कमी. तीन तुकडे बिचारे गरम वाइनशी झुंजत झुंजत संपून जातात.

एक मात्र करू नका. जेटीवरची किंवा मासळीबाजारातली बर्फाची लादी आणू नका. ती मासे ठेवायला असते, पिण्याच्या पाण्याची असेलच असं नाही. खाण्याजोगा नसलेला बर्फ निळसर करावा असा आपल्या राज्यात नियम आहे, पण रंग दिसला नाही म्हणून लगेच विश्वास टाकू नये.

वाइन, अ‍ॅपेरॉल, सोडा हे तिन्ही सकाळपासून फ्रीजमध्ये, ग्लासही जमल्यास. वायू गार द्रवात टिकतो, कोमट द्रवातून भसकन निघून जातो. सोड्यासाठी गावातला गोटी सोडा मिळाला तर सोन्याहून पिवळं, त्याचे बुडबुडे तिखट असतात. साधा सोडा घ्या, लिंबूवाला किंवा मसाल्याचा नव्हे.

ओतायचा क्रम: बर्फ, वाइन, अ‍ॅपेरॉल, शेवटी सोडा काचेच्या कडेने. अ‍ॅपेरॉलमध्ये साखर असल्याने ते जड असतं. आधी ओतलं तर तळाशी बसतं, मग ढवळावं लागतं आणि बुडबुडे मरतात. वाइनवर ओतलं की ते आपसूक खाली उतरत मिसळतं. लांब चमच्याने खालून एकदा उचलल्यासारखं करा, बस. वरून फोड घालायची ती मोसंबीची. नागपुरी संत्र्याची साल सैल, चकती कापली की हातात सुटी होते. व्हेनिसकडे हिरवं ऑलिव्हही टाकतात, मला आवडतं, घरात कुणालाच नाही.

हिशेब: ७५० मिलीच्या वाइनमध्ये आठ ग्लास होतात, त्यामुळे आठ जणांना एकेक फेरी म्हणजे एक बाटली. दुसरी बाटली दुसऱ्या फेरीलाच उघडा. दोन फेऱ्यांना अ‍ॅपेरॉल ९६० मिली लागेल, म्हणजे दोन बाटल्या. उरलेलं फ्रीजमध्ये दोन-तीन महिने छान राहतं.

आणि हे "सरबत" आहे या भ्रमात राहू नका. अ‍ॅपेरॉल ११ टक्के, वाइनही तेवढीच, त्यामुळे बर्फ वितळण्याआधी एका ग्लासात साधारण साडेसोळा मिली अल्कोहोल असतं, म्हणजे सुमारे ३८ मिली व्हिस्कीइतकं. चव गोड-थंड असल्याने तिसरा ग्लास कधी संपला ते कळत नाही. कुणाला गाडी चालवून तारामुंबरीला परत जायचं असेल त्याला हे आधी सांगा.

कडू का, असं तुमच्या सासूबाई विचारणारच. आपेरितीव्हो जेवणाआधी घेतात, भूक उघडावी म्हणून, आणि नावही "उघडणे" या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच आलंय. अ‍ॅपेरॉल १९१९ साली पादुआत बाजारात आलं. त्यात संत्र्याबरोबर जेन्शियनचं मूळ आणि सिंकोनाची साल असते. जेन्शियन म्हणजे आपल्या काडेचिराईताच्याच कुळातलं. लहानपणी पोट बिघडलं की आजी जो काढा पाजायची, त्याचा हा दूरचा गोरा भाऊ म्हणा. (मी एकदा काडेचिराईत साखरेच्या पाकात रात्रभर भिजवून घरगुती अ‍ॅपेरॉल करायला गेलो. कुत्र्यानेसुद्धा वास घेऊन तोंड फिरवलं. करू नका.)

गोड वाटलं तर दुसऱ्या दिवशी अमेरिकानो करा: कॅम्पारी (अ‍ॅपेरॉलचाच लाल, जास्त कडू भाऊबंद) ३० मिली, गोड लाल व्हर्मूथ (वनस्पती घालून केलेली वाइन) ३० मिली, वर सोडा, मोसंबीची फोड. जास्त कडू, जास्त मोठ्या माणसांचं, आणि वाइनची बाटली फोडायची भानगड नाही. फक्त व्हर्मूथ उघडल्यावर फ्रीजमध्येच ठेवा. ती शेवटी वाइनच, कोकणातल्या उकाड्यात फळीवर राहिली तर बिघडते.

न पिणाऱ्यांना नुसतं सरबत देऊन कोपऱ्यात बसवू नका. दोन चमचे कोकमाचं आगळ, एक चमचा साखरेचा पाक, त्याच मोठ्या बर्फावर १५० मिली गार टॉनिक वॉटर, आणि मोसंबीच्या सालीचा तुकडा ग्लासावर पिळून आत. टॉनिकमधलं क्विनाइन कडूपणा देतं, आगळ आंबट-खारटपणा. रंग थेट कॅम्पारीसारखा. खरं सांगायचं तर आमच्याकडे हाच ग्लास आधी संपतो.

सोबत तळलेले फणसाचे गरे आणि भाजलेले काजू पुरे. मासे तळायला लगेच घेऊ नका, मसाल्यापुढे हे पेय पार झोपतं. ग्लास संपले की मग चुलीवर तवा ठेवा.

राहिला हुर्राक. त्यात हे कडूपण नाही, त्यामुळे अ‍ॅपेरॉलच्या जागी तो बसत नाही. काजूच्या बोंडांचा पहिला निघालेला हुर्राक लिंबू-सोडा, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालूनच प्यावा, आणि तोही गोव्यात बसून. परवान्याशिवाय बाटली घेऊन गोव्याच्या सीमेजवळच्या इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर सापडलात तर सुट्टीचे दोन दिवस तिथेच जातील.