मैत्रीण जेवल्यावर मुद्दाम उलटी करते आणि लगेच ब्रश करते. तिचे दात वाचतील का?

नाही. उलट लवकर जातील. पोटातल्या आम्लाने एनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, मऊ पडलेलं असतं, त्यावर लगेच ब्रश घासला की ते सुटून येतं. साध्या पाण्याने किंवा पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून चूळ भरायची आणि निदान तासभर ब्रशला हात लावायचा नाही. गेलेलं एनॅमल परत येत नाही.

पण तुम्ही जाता जाता लिहिलंय की तिचं लग्न ठरतंय म्हणून घरचे पुढच्या दातांना कॅपा बसवून घेणार आहेत. त्या एका वाक्यामुळे मी लिहायला बसले.

मला बुलिमिया (भरमसाट खाऊन मग मुद्दाम ओकण्याचा मानसिक आजार) होता, पुण्याला हॉस्टेलवर असताना सुरू झालेला. घरी कोल्हापूरला त्याचं नाव पित्त. आमच्याकडे सकाळी मिठाचं पाणी पिऊन पित्त पाडणारी मंडळी होतीच, त्यामुळे पोरगी मोरीत ओकते यात कुणाला वावगं वाटलं नाही. शिवाय मी काही काटकुळी नव्हते. हा बारीक मुलींचा आजार आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी कृपया गप्प बसावं. बुलिमियात वजन बऱ्याचदा चारचौघींसारखंच असतं, म्हणून तर तो वर्षानुवर्षं लपतो.

मला गार पाणी सहन होईना, पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या आरपार दिसायला लागल्या आणि त्यात मुलाकडचे बघायला येणार होते, म्हणून आईने दातांच्या डॉक्टरकडे नेलं. त्या बाईंनी छोटा आरसा आत घालून वरच्या दातांची टाळूकडची बाजू पाहिली. एनॅमल जाऊन आतलं पिवळं डेंटिन, म्हणजे दाताचा खालचा थर, उघडं पडलेलं, गुळगुळीत. खालचे पुढचे दात मात्र शाबूत, कारण उलटीच्या वेळी त्यांच्यावर जीभ असते. दाढेतलं जुनं चांदी भरलेलं फिलिंग दाताच्या वर आलं होतं. फिलिंग कुठलं वर येतंय, भोवतालचा दात झिजून खाली गेला होता. मग त्यांनी कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यांवर दोन्हीकडे बोटांनी चाचपून पाहिलं. लाळग्रंथी सुजलेल्या. घरी म्हणायचे, गाल भरलेत, हॉस्टेलचं जेवण मानवलं!

आईला फॉर्म भरायला बाहेर पाठवून त्यांनी मला सरळ विचारलं. मी हो म्हटलं. घरी सांगायचं की नाही ते माझ्यावर सोडलं, पण कॅपांना साफ नकार. त्या म्हणाल्या, उघडा भाग आत्ता कंपोझिटने (दाताच्या रंगाच्या फिलिंगने) झाकून देते, फ्लोराइडची पेस्ट वापर, कॅपा ओकणं थांबल्यावर. आम्ल येत राहिलं तर कॅपेच्या कडेखालचा दात ते खातच राहणार.

आत्याला हे काही पटलं नाही. "दातवालीनं दात बघावेत, नसत्या चौकशा कशाला?" आठवड्याभरात दुसऱ्या दवाखान्यात वरच्या पुढच्या चारही दातांना कॅपा बसल्या. फोटो झकास आले. (लग्न तिथे झालंच नाही, ते जाऊ दे.) पुढे कडांपासून कीड लागली, दोन दातांचं रूट कॅनाल झालं, एक तर काढावाच लागला. आत्या अजून म्हणते, त्या डॉक्टरने माल हलका वापरला. माल उत्तम होता, आत्या. खाली रोज आम्ल येत होतं.

या आजाराचं पहिलं नीट वर्णन १९७९ साली लंडनच्या जेराल्ड रसेल यांनी केलं आणि ते मानसोपचारतज्ज्ञ होते. पित्तावरची औषधं देणारे नव्हते. मलाही फरक पडला तो मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊनच. त्यामुळे मैत्रिणीच्या कॅपांची अपॉइंटमेंट पुढे ढकला. मुलाकडच्यांना काय सांगायचं, ते घरातल्या हौशी मंडळींना ठरवू दे.

आता हेही सांगते, मी डॉक्टर नाही. आणि दात झिजलेला प्रत्येक माणूस बुलिमियाचाच असतो असंही नाही. जुनी अ‍ॅसिडिटी, रोजचं कोल्ड्रिंक, गरोदरपणातल्या उलट्या, यांनीही असे दात होतात. पण तुमची मैत्रीण मुद्दाम ओकते हे तुम्हीच लिहिलंय. तिला धडधड, चक्कर, पायात गोळे येणं असं काही होत असेल तर दात राहू द्यात, आधी फिजिशियनला दाखवा. उलट्यांनी पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात, त्यात जीवही जाऊ शकतो. डॉक्टरकडे जायचा धीर होत नसेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तिला द्या. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.